मी न प्यायलेली दारू

नाना, गेलं वर्षभर तुमच्या नावावर एक खोटं खपतंय, आणि ते मी खपवलंय. आई रोज सकाळी तुमच्या फोटोवरची धूळ पुसते, पण हार घालायचं तिनं सोडलंय. मागच्या श्राद्धाला तिनं सगळा स्वयंपाक केला आणि तुमच्या फोटोपुढं ताट ठेवायची वेळ आली तेव्हा पदर खोचून उभी राहिली. म्हणाली, "सवता पेलात ते पेलात, पोराला कशापाई देऊन गेलात?" मी समोरच पाटावर बसलो होतो. मी मान खाली घातली आणि जमलेल्या पाहुण्यांना वाटलं, पोराला पश्चात्ताप होतोय. गावात आता सगळ्यांना ठाऊक आहे की तुमचा मुलगा दारूच्या नादाला लागला होता, ती त्याच्या रक्तात तुमच्याकडून आली होती, आणि माळ घालून त्यानं ती सोडली. नाना, मी आजवर दारूचा एक थेंबही चाखलेला नाही.

मग काय होतं, हे तुमच्यासमोर लिहायचंय. टीव्हीवर काही नको ते लागलं की तुम्ही "लाईट आली का बघतो" म्हणून उठायचात आणि मोटरीकडं जायचात. आपल्या भागात लाईट कधी येते हे तुमच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं, तरी जायचात. अशा बापाला मी काय लिहू? मला बायकांच्या विचारांचं व्यसन लागलं होतं. मोबाईलवर तसले व्हिडिओ बघायचे, पैसे भरून अनोळखी बायकांशी बोलायचं. 'तसले' म्हणून मी पुढं सरकतोय बघा, चव्वेचाळीसाव्या वर्षीही. हौस म्हणून सुरू झालं असेल, पण पुढं त्यात हौस उरली नव्हती. बघायच्या आधी जीव कासावीस व्हायचा आणि बघून झाल्यावर स्वतःची किळस यायची. ती किळस विसरायला पुन्हा फोन हातात घ्यायचो. सोमवारी सगळं पुसून टाकायचं, देवापुढं शपथ घ्यायची, आणि बुधवारी पुन्हा तेच.

आणि हे सगळं तुमच्या दुकानात चाललं होतं. नारायणगावातल्या त्याच गाळ्यात, जिथं तुम्ही मला जळालेल्या मोटरीची कॉइल भरायला शिकवलंत. कॉइलचे वेढे मोजताना कुणीही हाक मारली तरी ओ द्यायची नाही, हा तुमचा नियम होता. पहिल्याच वर्षी माझी मोजणी चुकली आणि मी अंदाजानं पुढचे वेढे मारले. तुम्ही ओरडला नाहीत. गिऱ्हाईक समोर उभं असताना ती अख्खी कॉइल उलगडलीत, तार माझ्या पायाशी टाकलीत आणि म्हणालात, "शेतकऱ्याचं पाणी हाय ह्यात. अंदाजपंचे करायचं आसल तर उद्यापासनं दुसरीकडं जा." मी गाळ्यामागं जाऊन रागानं रडलो होतो. त्याच दिवाळीला तुम्ही तुमचा करंट तपासायचा मीटर मला देऊन टाकलात, स्वतःसाठी नवा घेतला नाहीत, आणि पुढं कित्येक वर्षं माझ्याकडूनच मागून वापरत राहिलात.

त्याच गाळ्याचं शटर मी भर दुपारी खाली ओढायचो. जेवायला गेलोय असं लोकांना वाटायचं. एप्रिलात येडगावच्या एका टोमॅटोवाल्याची विहिरीतली सबमर्सिबल मोटर जळाली होती. सकाळी देतो असं मी कबूल केलं होतं. तो दुपारी आला तेव्हा मोटर उघडी पडली होती आणि मी शटर लावून आत बसलो होतो. त्यानं पत्र्यावर हात मारला. "आतमंदी हलल्यावानी वाटतंय राव! भाऊ, उघडा की, माल सुकाया लागलाय!" मी फोन पोटाशी धरून श्वास रोखून बसलो. दुसऱ्या दिवशी तो मोटर घेऊन दुसरीकडं गेला, पण तोवर उन्हानं फुलं गळाली होती. पुढं बाजारात भेटला तेव्हा भांडला नाही. एवढंच म्हणाला, "तुमचं वडील आसतं तर आसं झालं नसतं." विचारांचं तर विचारूच नका. कुणी बाई नवऱ्याबरोबर स्टार्टरची तक्रार घेऊन आली की ती काय सांगतेय ते मला ऐकूच यायचं नाही. मान खाली घालून मी उगाच तार चाचपत बसायचो. लोक म्हणायचे, माणूस लई सज्जन, बायामाणसांकडं डोळा वर करून बघत नाही.

टोमॅटोवाला मोटर घेऊन गेला त्याच आठवड्यात, सकाळी स्वयंपाकघरात बायकोनं मला अडवलं. "तुमाला झालंय तरी काय? भर दुपारी दुकान बंद, जेवणात ध्यान न्हाई, बोलावं तर अंगावर येता." आई चुलीपुढं बसून भाकरी थापत होती, गॅसवरची भाकरी तिला अजून रुचत नाही. मी त्या दिवशी खरं सांगायचं ठरवलं होतं, एवढं तरी माझ्या बाजूनं लिहू द्या. मी म्हणालो, "मला एक सवय लागलीय. सुटत नाही." पुढचं वाक्य तोंडात तयार होतं. तेवढ्यात आईनं मान न वळवता म्हटलं, "बापाचंच आलं म्हणायचं."

बायको खाली बसली. "पण आई, वास कधी आला न्हाई."

"ह्याच्या बापाचा तरी कुटं येत व्हता? वेलदोडं चावून यायचे."

मग बायकोनं माझ्याकडं बघून सरळ विचारलं, "दारू का?" आणि मी हो म्हणालो. किती पटकन म्हणालो म्हणून सांगू. दारुड्याला गाव शिव्या देतं, पण त्याला घरात घेतं, चहा देतं, त्याच्यासाठी मामा धावत येतो. माझ्यासारख्यासाठी कुठला मामा आला असता? तुमची ती जुनी, पिण्यातली सहा वर्षं मला आयती सापडली आणि मी त्यांच्या आडोशाला जाऊन बसलो.

त्या सहा वर्षांचा शेवट मला चांगला आठवतो. मी सहावीत होतो. तुम्ही दुकानातून नेहमीपेक्षा लवकर आलात, स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसलात आणि आईला म्हणालात, "चहा कर." बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तेच. पहिले काही दिवस तुमच्या हातातला कप बशीवर वाजायचा आणि आई आम्हाला बाहेर खेळायला पिटाळायची. त्यानंतर वीस-बावीस वर्षं तुम्ही दारूला शिवला नाहीत. माळ घातली नाहीत, शपथ घेतली नाहीत, कुणी तुमच्या हातात नारळ दिला नाही. तुम्ही सोडलीत ही गोष्ट गाव केव्हाच विसरून गेलं होतं. तुम्ही पीत होतात एवढीच मी त्यांना आठवण करून दिली.

मला मात्र नारळ मिळाला. मामा मला एका मठात घेऊन गेला, तिथं गुरुवारी दारू सोडवतात. ओळीत पंधरावीस माणसं होती, काहींना धरून आणलेलं. महाराजांनी माझ्या हातावर भंडारा ठेवला आणि वदवून घेतलं, दारूला शिवणार नाही. आयुष्यात एवढी सोपी शपथ मी घेतली नव्हती. मामाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच दुपारी मामा प्रसादाच्या रांगेत असताना, गळ्यातली माळ शर्टाच्या आत सारून, मी मठामागच्या संडासात फोन घेऊन बसलो होतो. हे लिहिलं नाही तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही.

पुढं गावच्या सप्त्यात काल्याच्या दिवशी, दारू सोडलेल्यांचा सत्कार म्हणून आम्हा चौघांना मंडपात उभं केलं. शाल, नारळ, टाळ्या. सरपंच माईकवर म्हणाले की वडलांचा वारसा मोडायला छाती लागते. नाना, तेव्हा मी तो माईक हातात घ्यायला हवा होता. मी शाल नीट केली. त्या चौघांत आळे गावचा एक लांबचा पाहुणा होता, माझ्याच वयाचा, तो मात्र खरोखर पिणारा. तो माझ्यामागं लागला. दर दोन दिवसांनी दुकानात यायचा, स्टुलावर बसायचा. "पावणं, पयल्या आठवड्यात तुमी काय केलं? माजं तर संध्याकाळ झाली का पाय तिकडंच वळत्यात." मी त्याला सांगायचो की तेवढी वेळ टळली पाहिजे, मग जोर ओसरतो, एकटं बसायचं नाही. मी माझंच सांगत होतो, दारूच्या नावाखाली. त्याला त्याचा उपयोग होत होता आणि मला नाही, याचं मला हसूही यायचं आणि रडूही. शेवटी त्यानंच एक दिवस सांगितलं, "मंचरला एका दवाखान्यात बाई हायेत, मनाचं बगत्यात. म्या जातो. लई नीट बोलत्यात. तुमी बी या एकदा, भाऊ. नुसत्या माळंवर न्हाई भागत."

मंचर मला सोयीचं वाटलं. दुसरा तालुका, तिथं नारायणगावचं कोण बघतंय. पुरुष डॉक्टर असता तर बरं झालं असतं असं वाटत होतं. बाई माझ्या थोरल्या बहिणीच्या वयाच्या निघाल्या. आणि तुम्हाला खरं वाटणार नाही, तिथंही मी दारूच सांगितली. त्यांनी वही उघडली. "कोणती घेता?" मी म्हणालो, देशी. "साधारण किती?" मी म्हणालो, एक ग्लास. "नुसती, की पाणी घालून?" मी म्हणालो, जशी असेल तशी. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "तुम्हाला दारूची काहीच माहिती नाही. घाई नाही, बसा. जे आहे ते सांगा, मी आधीही ऐकलेलं असणार." मी टेबलाच्या कडेकडं बघत सगळं सांगितलं. टोमॅटोवाल्याचं, मठाचं. त्या दचकल्या नाहीत. मी घाणेरडा आहे असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. त्यामुळं मला उलट जास्तच लाज वाटली.

तेव्हापासून दर पंधरवड्याला जातोय. ओढ आली की किती वाजले, त्याआधी काय घडलं होतं, हे लिहून ठेवायला त्या सांगतात. लिहिता लिहिता कळलं की माझ्या दुपारी मोकळ्या नसतात, पोकळ असतात. कुणी टाकून बोललं, एखादी मोटर बिघडली की मी तिकडं पळतो. विचार आला तर त्याच्याशी कुस्ती खेळायची नाही, येऊ द्यायचा, जाऊ द्यायचा आणि हात कामाला लावायचे. तिथल्या डॉक्टरांनी उदासपणावर गोळीही दिलीय. शटर आता पूर्ण वर असतं. गेल्या महिन्यात एकदा घसरलो. पूर्वीचा मी असतो तर मग महिनाभर घसरतच राहिलो असतो. या वेळी बाईंना जाऊन सांगितलं. सुटलं असं मी म्हणत नाही, नाना. तुमच्यासमोर तरी म्हणणार नाही.

बायकोला सांगायचं ठरवलं तेव्हा बाई म्हणाल्या, तिला दुखवेल असा तपशील ओतू नका, पण खोटं एकही सांगू नका. ती दुपारचा डबा घेऊन दुकानात आली होती. मी सांगितलं. ती ऐकता ऐकता रिकाम्या डब्याची झाकणं लावत होती, एक झाकण तीनदा लावलं. "म्हंजी दारू न्हाईच?" नाही. "एकदा बी न्हाई?" नाही. "वरीसभर बचत गटातल्या बाया मला इच्यारायच्या, मारतो का गं? मी म्हणायचे, न्हाई ओ, गरीब हाय बिचारा." मग, "माज्यात काय कमी व्हतं?" मी म्हणालो, तुझ्यात काहीच नाही, हा आजारासारखा... तिनं हात वर केला. "आजार म्हणू नका आत्ताच. आदी मला राग यिऊ द्या." त्याच संध्याकाळी ती माहेरी आळ्याला गेली.

अठरा दिवस ती आली नाही. आई म्हणायची, परत पेलास का? मी नाही म्हणायचो, आणि ते खरं असायचं. एकोणिसाव्या दिवशी ती आली, पण आत आली नाही. पायरीशीच उभी राहून हळू आवाजात तीन गोष्टी बोलली. साधा बटणांचा फोन वापरायचा. मंचरला जायचं, थांबायचं नाही. आणि तिसरी, "आईंना खरं सांगा. मी नवी आले तवा मला गॅस बी पेटवाया येत न्हवता, भ्यायचे. नानांनी शिकवला, कुणाला कळू न देता. त्यांच्यावर आळ ठिवून मी या घरात ऱ्हायची न्हाई. तुमचं मी बगून घीन, पर त्या माणसाचं न्हाई." स्वतःच्या दुखण्यासाठी तिनं दोन अटी घातल्या आणि तुमच्यासाठी एक. मला त्या क्षणी पायरीतच गाडून घ्यावंसं वाटलं.

परवा सकाळी मी आईजवळ जाऊन बसलो. ती ओट्यावर मेथी निवडत होती. बायको आत पाणी भरत होती, नळ मुद्दाम बारीक सोडलेला. मी म्हणालो, "आई, नानांचं यात काही नाही. मी दारू कधी प्यालोच नाही."

"मंग काय व्हतं?"

"मोबाईल."

तिनं आणखी चारदोन काड्या निवडल्या. "बायांचं?"

मी हो म्हणालो. हा शब्द तिच्या तोंडून येईल असं मला वाटलं नव्हतं. आपण म्हाताऱ्या माणसांना उगाच भोळं समजतो. ती ओरडेल, कपाळ बडवेल, याची मी तयारी ठेवली होती. तिनं मेथीची परात बाजूला सारली आणि म्हणाली, "आन् मी त्यांना वरीसभर बोलले." मग रडली. माझ्यासाठी नाही, तुमच्यासाठी रडली. आतल्या खोलीत जाऊन तिनं दार लोटून घेतलं आणि तुमच्याशी काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. बायकोनं नळ बंद केला आणि मला चहा दिला, हाताला हात लागणार नाही असा कप खाली ठेवून.

आई बाहेर आली तेव्हा शांत होती. माझ्या डोक्यावर हात ठेवला तिनं, नाना, हे सगळं ऐकून. म्हणाली, "चुकलास. पर त्यांच्या दुखण्यात तू लई पळालास, ते मी डोळ्यांनी बगितलंय. जीव गेला त्या टायमाला बी त्यांच्या औषधालाच गेला व्हतास. ते पुण्य हाय, म्हणून सावरलास." बायको दारात उभी होती. तिचा चेहरा त्या दिवसांत पहिल्यांदा थोडा निवळला. मी खाली ठेवलेला कप उचलला आणि गार झालेला चहा पिऊन टाकला.

तुम्ही गेलात त्या दिवशी पुण्याच्या दवाखान्यात दुपारी सिस्टरनं इंजेक्शनची चिठ्ठी माझ्या हातात दिली होती. मेडिकल खालीच होतं, जाऊन यायला पाच मिनिटं. माझ्याकडं तेव्हा नुकताच नवा फोन आला होता. चार रात्रींचं जागरण होतं, मन सुन्न झालं होतं, हे सगळं बाईंच्या वहीत शोभेल असं आहे, पण मी जिन्याच्या वळणावर बसलो आणि फोन उघडला, हे त्यानं बदलत नाही. किती वेळ गेला मला कळलं नाही. इंजेक्शन घेऊन वर आलो तेव्हा आई दाराबाहेर जमिनीवर बसली होती आणि म्हणाली, मेडिकलात गर्दी असंल. मी हो म्हणालो. आईला मी परवाही हे सांगितलं नाही, बायकोला सांगितलेलं नाही, आणि मंचरच्या बाईंना सगळं सांगितलं त्यातही हे नव्हतं. त्यांनीच सांगितलंय, वडलांना लिहा, कुणाला दाखवू नका, पाठवायचं तर नाहीच. म्हणून हे कागद दुकानाच्या खणात राहतील. सिस्टरनं नंतर मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की तुम्ही शुद्धीवर आला होतात आणि दोनदा विचारलंत, पोरगा आला का. मी जिन्यात होतो, नाना.